आधी नाव सांगा

कुसुमावती नंदनवारला दवाखान्यात सगळे नाववाली बाई म्हणत. बायकांच्या ऑपरेशनच्या वॉर्डात ती आया होती. ऑपरेशनच्या सकाळी रोग्याला झोपेची लाल कॅप्सूल द्यायची वेळ झाली, की ही बया पाण्याचा ग्लास घेऊन पलंगाशी उभी राहायची आणि साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा खड्या आवाजात विचारायची, "नाव काय तुमचं? नवऱ्याचं नाव? गाव कोणतं? कायचं ऑपरेशन आहे?" उत्तर आल्याशिवाय पाणी नाही आणि पाण्याशिवाय गोळी नाही. रोगी वैतागत. नातेवाईक तोंडाला पदर लावून हसत. नव्यानं आलेल्या डॉक्टरांना वाटे, बाई मोठी जिव्हाळ्याची आहे, रोग्यांची किती काळजी घेते.

काळजी कुठली हो! जिव्हाळा तर औषधालाही नव्हता. ती हे सगळं एका बाईला ऐकवण्यासाठी करत होती. ती बाई म्हणजे वॉर्डाची मोठी सिस्टर, सिंधूताई. कुसुमावतीनं "नाव काय तुमचं" म्हटलं की टेबलाशी बसलेल्या सिंधूताईंची मान खाली जायची, आणि ती खाली गेलेली मान पाहूनच कुसुमावतीला दुपारचं जेवण गोड लागायचं. तक्रार तरी काय करणार बिचारी? ही आया रोग्यांना नाव विचारते, हिला काढा, असं सांगणार?

आता हा डाव का धरला ते ऐका. एकोणीसशे सहासष्ट सालची गोष्ट. कुसुमावती तेव्हा विणकरांच्या वस्तीत, बिनाकीत नांदत होती. घरात हातमाग, नवरा श्रावण मागावर, ही सुताच्या कांड्या भरायला, आणि सासू रुख्माबाई दोघांवर डोळे वटारायला. श्रावणला दमा होता. त्या हिवाळ्यात दमा असा उसळला की माणूस रात्र रात्र उशी पोटाशी धरून बसून काढायचा. शेवटी दवाखान्यात आणला. पुरुषांच्या वॉर्डात उत्तरेच्या भिंतीला लागून पलंग मिळाला, सात नंबर. समोरच्या भिंतीशी दुसरी ओळ.

रुख्माबाईनं पलंग पाहिला आणि कपाळावर हात मारला. डोकं उत्तरेला, पाय दक्षिणेला! असं तर मढं निजवतात. तिनं उशी उचलून पायथ्याशी ठेवली. वॉर्डबॉय येऊन खेकसला, डोकं भिंतीकडेच पाहिजे, इथं तुमच्या घरचे कायदे नाही चालत. म्हातारी हट्टाला पेटली. "माझ्या पोराले जितंजागतं मसणात निजवता का?" म्हणून तिनं असा सूर लावला की अख्खा वॉर्ड उठून बसला.

समोरच्या पलंगावर गोपाळराव म्हणून एक गडी होता. मिलमध्ये कामाला. छप्पन्न साली दीक्षाभूमीवर घरच्यांसोबत धम्म घेतलेला, हसतमुख माणूस. त्याचं हर्नियाचं ऑपरेशन दुसऱ्या सकाळी होणार होतं. तो म्हणाला, "माय, रडू नको. आम्ही दिशा-बिशा मानत नाही. मी झोपतो त्याच्या पलंगावर, त्याले झोपू द्या माझ्या." कुसुमावतीनं पटापट चादरी उचलल्या, तांब्या-पेला इकडचा तिकडे केला, श्रावणला धरून समोर नेलं. रुख्माबाई गप्प झाली. सगळ्यांना बरं वाटलं. पलंगाचा नंबर मात्र पलंगालाच राहिला. दवाखान्यात माणसाला त्या नंबरानंच हाक मारतात, हे त्या साध्या माणसांना काय ठाऊक?

सकाळी सिंधू सिस्टर आली. तेव्हा तरुण होती, कडक इस्त्रीची, पायात खटखट वाजणारे बूट. पलंगाचा नंबर पाहिला, ट्रेमधली लाल कॅप्सूल उचलली आणि श्रावणच्या तळहातावर ठेवली.

"गिळा."

श्रावण धापा टाकत म्हणाला, "सिस्टर, माझं तर ऑपरेशन..."

"बोलू नका, दम लागतो. गिळा म्हटलं ना."

कुसुमावती पुढं झाली. "ही कायची गोळी आहे, सिस्टर?"

"तू डॉक्टर आहेस का? तोंडाला कुलूप लाव," सिस्टर म्हणाली आणि खटखट करत पुढच्या पलंगाकडे निघून गेली.

श्रावणनं गोळी गिळली. आणि काय सांगावं, थोड्या वेळात माणूस झोपला! कितीतरी रात्रींनी त्याचं डोकं उशीला टेकलं. घरघर कमी झाली, छाती शांत झाली. कुसुमावतीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं मनातल्या मनात त्या उद्धट सिस्टरला दुवा दिला. हो, दुवा दिला! हे तिला जन्मभर सलत राहिलं. ती पलंगाशी पहारा देत बसली. शेजारचा रोगी खोकला तर त्याला डोळे दाखवले. झाडूवालीला म्हणाली, नंतर झाड वं माय. किटली घेऊन देवाजी चहावाला आला, "चाऽऽय गरम" म्हणून ओरडायला त्यानं तोंड उघडलं, तशी ही धावत गेली आणि हात जोडले. "हळू गा, देवाजीभाऊ. आत्ता झोपले आहेत ते." देवाजीनं जीभ चावली आणि दबक्या पावलांनी निघून गेला. तिनं कोणालाच आवाज करू दिला नाही.

डॉक्टरांचा राउंड आला तेव्हा श्रावणचे ओठ जांभळे पडले होते. धावाधाव झाली, छाती दाबली, सुया टोचल्या. गेलेला माणूस काही परत आला नाही. डॉक्टर नर्सवर ओरडत होते, त्यातलं तिला एवढंच कळलं, की ती गोळी बार्बिच्युरेट नावाच्या औषधाची होती, ऑपरेशनच्या रोग्याला झोप यावी म्हणून देतात, आणि ज्याचा श्वास आधीच अडकलेला असतो त्याचा ती उरलासुरला श्वासही मंद करून टाकते. समोर सात नंबरवर गोपाळराव टक्क जागा बसला होता, आपली गोळी अजून काहून आली नाही म्हणून वाट पाहत.

चौकशी झाली. मोठ्या साहेबांसमोर सिंधू सिस्टर म्हणाली, "मी नाव विचारलं होतं. तो हो म्हणाला. यांनी न सांगता पलंग बदलले, त्याला मी काय करू?"

"खोटं!" कुसुमावती किंचाळली. "नावच नाही विचारलं हिनं!" तिला बाहेर काढलं. गोपाळराव दाराशी उभा राहून सांगत होता, मले विचारा ना साहेब, मी पाहून राहिलो होतो. त्याला कोणी विचारलं नाही. चौकशी संपली, दोष पलंगबदलीवर गेला.

खरा घाव पुढं बसला. जिनं हट्ट करून पलंग बदलायला लावला होता, त्याच रुख्माबाईनं तेराव्याला पाहुण्यांसमोर छाती पिटली, "या भवानीनंच उचलून नेलं माझ्या पोराले त्या पलंगावर. हिनंच झोपवलं त्याले!" बिनाकीभर झालं. नळावर बायका हिला पाहून गप्प व्हायच्या. सासूनं माग विकला आणि हिला घराबाहेर काढलं. कुसुमावती रडली नाही. दाराशी उभी राहून म्हणाली, "त्या सिस्टरच्या तोंडून खरं काढीन, चार माणसांत काढीन, अन् तुमच्या याच दाराशी आणून टाकीन. नाही टाकलं तर नावाची नाही." एवढंच तिला हवं होतं. दुसरं काहीही नको होतं.

ऑपरेशन होऊन बरा झालेल्या गोपाळरावनं ओळखीपाळखी काढून तिला दवाखान्यात आयाचं काम लावून दिलं. त्याला वाटलं, विधवा बाई, पोटाची सोय झाली. त्या भल्या माणसाला काय ठाऊक, ही कोणत्या भुकेसाठी आली आहे! खेटे घालून घालून ती सिंधूताईंच्या वॉर्डात बदली करून घेऊन गेली. पहिल्या दिवशी दोघी समोरासमोर आल्या. सिंधूताईंनी ओळखलं. तोंडावरचा रंगच उडाला. कुसुमावतीनं अदबीनं मान लवून विचारलं, "नमस्ते सिस्टर. मी नाव सांगू का माझं?"

मग दहा-बारा वर्षं तिनं त्या बाईला सुखानं श्वास घेऊ दिला नाही. सिंधूताईंचा चहा नेहमी गार व्हायचा. बूट बरोब्बर उन्हात सरकायचे आणि ड्यूटी संपेपर्यंत तापून निघायचे. आणि ते नाव विचारणं! सुरुवातीला सिंधूताई म्हणाल्या होत्या, "कुसुमावती, हे तुझं काम नाही." हिनं गोड आवाजात विचारलं, "मग कोणाचं आहे, सिस्टर?" त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. पुढं पुढं नव्या नर्सना वाटू लागलं की या वॉर्डाची रीतच ही आहे. नाववाली बाई हो म्हणेपर्यंत त्या कॅप्सूल हातातच धरून उभ्या राहत. एकदा याच विचारण्यात एका म्हातारीला द्यायची गोळी भलतीचीच निघाली, डॉक्टरांनी कुसुमावतीची पाठ थोपटली. ती फणकारली. कौतुक नको होतं तिला. तिला सिंधूताईंची जीभ हवी होती आणि ती जीभ काही हलत नव्हती.

एकोणऐंशीच्या हिवाळ्यात सिंधूताईंच्या पोटात कळा सुरू झाल्या. पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन ठरलं, आपल्याच दवाखान्यात. कुसुमावतीला कळलं तेव्हा ती फिनाईलची बादली ढवळत होती. ती हसली. पाहणाऱ्यांनी सांगितलं, बाई हसताना आम्ही पहिल्यांदा पाहिली.

स्टाफसाठी एक वेगळी खोली होती. कुसुमावतीनं चेहरा पाडून नर्स जयाला सांगितलं की खोलीत ढेकूण झाले आहेत, गादी उन्हात टाकली आहे. जया नवी पोरगी, भोळी. मग सिंधूताईंना जनरल वॉर्डात घ्यावं लागलं. पलंग कुसुमावतीनंच लावून ठेवला होता. सात नंबर, डोकं उत्तरेला. आणि शेजारच्या पलंगावर कोण, तर बिनाकीची जिजाबाई! हाड मोडून आलेली, रुख्माबाईच्या भिंतीला भिंत लावून राहणारी. तिच्या कानावर पडलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत पलीकडच्या पाचपावली वस्तीत पोचायची. कुसुमावतीनं सगळं मांडून ठेवलं होतं. आता फक्त सिंधूताईंचं तोंड उघडायचं होतं. ते कसं, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

ऑपरेशनच्या सकाळी ती फरशी पुसत होती. सिंधूताई कुशीवर वळल्या, उशीखालून कागदाची पुडी काढली, त्यातली लाल कॅप्सूल तोंडात टाकली आणि चूळ भरायच्या पाण्याचा घोट घेतला. पुडी परत उशीखाली सारली. भीतीनं जीव गोळा झाला होता बाईचा. दुसऱ्यांची ऑपरेशनं आयुष्यभर पाहिलेली बाई, स्वतःच्या पोटावर सुरी येणार म्हटल्यावर लटलटत होती. झोपेच्या गोळीची सवय कधीपासून लागली होती कोण जाणे.

कुसुमावतीचा हात फडक्यावर थांबला. तिला लगेच कळलं. थोड्या वेळात जया येणार, दुसरी कॅप्सूल देणार. मग वर थेटरातली भूल. एकावर एक. जो श्वास श्रावणचा गेला तोच हिचा जाईल, गुपचूप, झोपेत. आणि हिनं करायचं काय? काही नाही. तोंडाला कुलूप लावायचं. सिस्टरनं स्वतःच तर शिकवलं होतं!

खोटं कशाला सांगू, तिच्या अंगातून आनंदाची लहर गेली. तिनं बादली उचलली, मोरीत नेऊन रिकामी केली, हात धुतले. मनात म्हणाली, मर. मर तू सटवे. माझ्या माणसासारखी मर.

आणि मोरीतच ती थबकली. ही मेली तर? हार घालतील, फोटो लावतील, रोग्यांची माय गेली म्हणून भाषणं होतील. श्रावणचं काय? जी एक जीभ खरं सांगू शकते तीच चितेवर जाईल, आणि बिनाकीच्या नळावर कुसुमावती मरेपर्यंत नवऱ्याला झोपवणारीच राहील. "हात् मेले," ती स्वतःशीच पुटपुटली, "एवढ्या स्वस्तात सोडते का तुले!" आणि पाण्याचा ग्लास भरून तरातरा वॉर्डात आली.

जया कॅप्सूल घेऊन पलंगाशी उभीच होती. रिवाजाप्रमाणं थांबली होती. कुसुमावतीनं आवाज चढवला.

"नाव काय तुमचं?"

सिंधूताईंनी डोळे मिटले. "तुला माहीत आहे."

"माहीत असून काय होते? तोंडानं सांगा."

"सिंधू... सिंधूताई."

"कायचं ऑपरेशन?"

"पित्ताचे खडे."

आता रोजचे प्रश्न संपले होते. जयानं हात पुढं केला. कुसुमावतीनं ग्लास मागं घेतला. "सकाळपासून कोणती गोळी घेतली?"

"नाही घेतली."

"खोटं!" सगळा वॉर्ड दचकला. "तेव्हाही खोटं अन् आताही खोटं! जया, उशी उचल."

जयानं गोंधळून उशी उचलली. पुडी खाली पडली, तिच्यात आणखी दोन लाल कॅप्सूल होत्या. जयाचा चेहरा पांढराफटक झाला. "सिस्टर! मी ही दिली असती, वरून भूल दिली असती, तर..."

"तर मेली असती," कुसुमावती म्हणाली. "मी पाह्यलं होतं. गप्प बसली असती तर आज हिचं मढं निघालं असतं. घेतली का नाही, सिस्टर? मोठ्यानं बोला. जिजाबाईले ऐकू जाऊ द्या."

"घेतली," सिंधूताई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांवर झापड येत होती, पण भीतीनं त्या टक्क जाग्या झाल्या होत्या.

"काहून नाही सांगितली?"

"लाज वाटली."

"अन् श्रावण नंदनवारले नाव विचारलं होतं?"

शेजारी जिजाबाई प्लास्टर घातलेल्या पायासकट उठून बसली होती. कुसुमावती वाकली, तोंडाशी तोंड नेलं. "तुमचा जीव आज मी विचारलं म्हणून वाचला, सिस्टर. तो फुकट नाही दिला मी. सांगा."

"नाही विचारलं," सिंधूताई म्हणाल्या. मग रडत रडत, "नाही विचारलं गं. नंबर पाहिला अन् दिली. तो सांगत होता, मी बोलू दिलं नाही. चौकशीत खोटं बोलले. नोकरी जाईल म्हणून. तुझा काही दोष नव्हता."

कुसुमावती सरळ उभी राहिली. तेरा वर्षांचं ओझं उतरल्यावर माणसाला हलकं वाटावं ना? तिला तसं काही वाटलं नाही. ती शेजारी वळून म्हणाली, "ऐकलं वं, जिजाबाई?"

"ऐकलं माय, सगळं ऐकलं," जिजाबाई डोळे पुसत म्हणाली. "दुपारी पोरगी डबा घेऊन येते. आजच धाडतो तिले रुख्माबाईकडे."

"दाराशी उभं राहून सांगायला लाव. चार बायका गोळा करून. पलंग बदलायचा हट्ट कोणाचा होता तेही सांगायला लाव."

डॉक्टर आले. ऑपरेशन पुढं ढकललं. गोळीचा अंमल उतरेपर्यंत पलंगाचे कठडे वर ठेवा, एकटीला सोडू नका, श्वासावर नजर ठेवा, असं सांगून गेले. जया म्हणाली, "मी बसते, बाई. तुम्ही जा."

"मी बसतो," कुसुमावती म्हणाली. तिनं खटकन दोन्ही कठडे वर केले आणि स्टूल ओढलं.

सिंधूताईंची मान कलंडली. छाती वरखाली होत होती, सावकाश. कुसुमावतीनं थोडा वेळ पाहिलं आणि खांदा धरून गदागदा हलवला. "सिस्टर! नाव सांगा!"

"सिंधू..."

परत मान कलंडली, परत हलवलं. "नाव सांगा!" पलीकडच्या बायका कुजबुजल्या. बाई, सूड झाला ना आता, निजू द्या की बिचारीला. जयासुद्धा म्हणाली, श्वास चांगला चालू आहे, झोपल्या तरी चालेल. कुसुमावतीनं कोणाकडे पाहिलं नाही.

"झोपू दे ना मला," सिंधूताई जड जिभेनं विनवत होत्या. "कुसुमावती, झोपू दे गं."

"नाही देत," ती म्हणाली. "त्याले झोपू दिलं होतं मी."

एवढ्यात दारातून किटली घेऊन देवाजी आला. पार म्हातारा झाला होता. चार बायकांनी त्याला पाहून एकदम तोंडावर बोट ठेवलं, सिस्टर झोपल्या आहेत म्हणून. तो थांबला, पावलं दबकी केली आणि परत वळू लागला.

"देवाजीभाऊ!" कुसुमावती स्टुलावरून ओरडली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "चालले कुठी गा? ओरडा! जोरानं ओरडा!"